येथे शोषण होत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी साडेनऊ.
नवी डायरी. वर्ष संपायला दोन महिने असताना डायरी सुरू करणारा माणूस जास्त गंभीर असतो, असं माझं मत आहे. जानेवारीत काय, कोणीही करतं.
संकल्प एक: रोज लिहायचं. संकल्प दोन: खरं लिहायचं. संकल्प तीन: व्यापारी मंडळाचा ‘आदर्श मालक’ पुरस्कार यंदा आपल्यालाच. २९ तारखेला कमिटी दुकानं बघायला येणार आहे.
पार्ल्यात ईस्टला नेल सलून चालवणारा मी एकमेव मराठी माणूस. निदान आमच्या गल्लीत तरी. ‘परब’स नेल पॅलेस’, एकशेऐंशी स्क्वेअर फूट. तीन मुली: मनाली, श्रुतिका, अक्षता. स्टाफ हा शब्द मी वापरत नाही. आम्ही फॅमिली आहोत. मी त्यांना वडिलांच्या जागी.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
मनालीने सुट्टी मागितली. ३० तारखेला, रविवारी. कारण विचारलं तर म्हणाली, सर, साखरपुडा आहे. कोणाचा? माझाच, म्हणाली. दुपारी बाराला, घाटकोपरला हॉल घेतलाय.
मनापासून अभिनंदन केलं. मग कॅलेंडर बघितलं. लग्नसराईतला रविवार, तीन ब्राइडल बुकिंग, आणि मनालीसारखा ॲक्रिलिक नखांचा हात अख्ख्या पार्ल्यात नाही. तिला म्हटलं, साखरपुडा संध्याकाळी ठेवा ना, नऊनंतर. फॅमिलीत ॲडजस्ट करावं लागतं.
ती ब्रश उचलून कामाला लागली. म्हणजे पटलं असावं.

५ नोव्हेंबर, बुधवार.
(काल लिहिलं नाही. पेन दुकानात राहिलं.)
पेपरात आलंय: नेल सलूनमध्ये काम करणाऱ्या मुलींचं शोषण. बारा-बारा तास काम, आठवड्याची सुट्टी नाही, जेवायला वेळ नाही, केमिकलचा वास, कागदपत्रं मालकाच्या ताब्यात. वाचून डोकंच फिरलं. कसले लोक असतात! मी गिरणी कामगाराचा मुलगा आहे. ब्याऐंशीच्या संपात आमच्या घरी दोन्ही वेळेला पेज असायची. शोषण म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये.
पेपर शुभाला वाचून दाखवला. बायको म्हणून तिला अभिमान वाटेल, अशी अपेक्षा. तर तिने विचारलं, तुमच्या मुली जेवतात कधी? म्हटलं, वेळ मिळेल तेव्हा. फ्लेक्झिबल. सुट्टी? गरज पडली की बघतो. तास? दहा ते नऊ. म्हणजे अकरा, बारा नव्हेत. आणि कागदपत्रं? त्यांची ओरिजिनल सर्टिफिकेट्स माझ्या कपाटात आहेत, पण ती सेफ्टीसाठी. त्यांच्या घरी उंदीर लागले तर?
शुभा म्हणाली, बरं. तिचं ‘बरं’ मला पंचवीस वर्षांत कधी आवडलेलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
झकास आयडिया. दुकानाबाहेर पाटी लावली. पिवळ्यावर लाल अक्षरं: ‘येथे कामगारांचे शोषण होत नाही.’ कमिटीला लांबूनच दिसेल.

८ नोव्हेंबर, शनिवार.
पाटीला उत्तम प्रतिसाद. सकाळपासून पाच बायकांनी थांबून वाचली. दोघींनी आत डोकावून विचारलं, काय झालं होतं? शेजारच्या केमिस्टने विचारलं, पोलीस येऊन गेले का? एकीने फोटो काढला आणि समोरच्या पार्लरमध्ये गेली.
श्रुतिकाने विचारलं, सर, ‘येथे’ म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत? या मुलीला बोलायची फार सवय आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी.
सीसीटीव्ही बंद पडला. रिपेअरवाला म्हणतो, ॲसिटोनच्या वाफेने वायर गेली. मशिनं नाजूक असतात हल्ली. मी स्वतः दाराशीच बसतो, आत वासाने माझं डोकं उठतं. मुलींना सवय आहे. तरी त्यांच्यासाठी मोगऱ्याची अगरबत्ती चालू केली आहे.
पण लक्ष ठेवणार कोण? पडद्यामागे जाऊन मुली काय करतात कळत नाही. परवा अक्षता तिथे चक्क डोळे मिटून बसली होती.
जेवताना सुचलं. अप्पा! वय एक्क्याऐंशी, नजर चांगली, घरात दिवसभर पंख्याकडे बघत बसतात. डॉक्टरही म्हणाले होते, बाबांना कशात तरी गुंतवा. माझ्यासारखा मुलगा आणि माझ्यासारखा मालक एकाच माणसात सापडणं कठीण.
शुभाला सांगितलं. ती म्हणाली, अप्पांना? दुकानात? मुलींवर लक्ष ठेवायला? मग हसू आवरत आत गेली. बायकांना मॅनेजमेंट कळत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
अप्पा ड्यूटीवर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मुलींनी खुर्ची पुसून दिली. दुकानात पाठ टेकायची ती एकच खुर्ची. मुलींना स्टुलं बरी पडतात, माणूस सावध राहतो.
अप्पांना काम समजावलं: कोण कधी येतं, किती वेळ पडद्यामागे असतं, सगळं वहीत टिपायचं. अप्पा खूश. म्हणाले, गिरणीत खात्यात असताना मी असाच लिवून ठेवी. आयुष्यभर मागावर राबलेला माणूस, नोंदी कधी आणि कशाला ठेवत होता कोण जाणे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
वही वाचली. जशीच्या तशी उतरवतो:
‘मनाली. दहाला आली. एक वाजता भूक लागली म्हणाली. तीन चाळीसला जेवली, सात मिनिटे. श्रुतिका. जेवली नाही. बिस्किट. अक्षता. डोके दुखते, वास. मालक. सव्वाएकला घरी गेले. तीनला आले. ढेकर.’
निरीक्षण सूक्ष्म आहे, फक्त दिशा चुकते आहे. मालकाची नोंद नको, असं सांगितलं. अप्पांनी तेही लिहून घेतलं.
रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, चेडवांक जेवक येळ नाय काय रे? मी म्हटलं, मुली जेवतात अप्पा, पण सीझन आहे. अप्पा म्हणाले, आमच्या मालकाचोय सीझन असायचो. जुन्या आठवणी. ऐकून घ्याव्यात.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
आनंदाची बातमी. आज सकाळी दुकान उघडायच्या आधीच अप्पांनी शटरबाहेर मुलींची मीटिंग घेतली. मी कोपऱ्यावरून पाहिलं. अप्पा बोट उंचावून बोलत होते, मुली मान हलवत होत्या. मी पोचलो तसे सगळे एकदम गप्प. शिस्त! मला दोन वर्षांत जमलं नाही ते अप्पांनी तीन दिवसांत केलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
पुन्हा मीटिंग. आज मुली मूठ वळून हात वर करत होत्या. मनगटाचा व्यायाम असावा. दिवसभर बारीक काम असतं, गरज आहेच. कमिटीला सांगण्यासारखं: स्टाफसाठी रोज व्यायाम. (स्टाफ नव्हे. फॅमिली.)

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
मनालीने पुन्हा तीसचा विषय काढला. सर, संध्याकाळी होणार नाही, मिथुनच्या घरचे चिपळूणहून येतायत, त्यांना परत जायचंय. मिथुन म्हणजे होणारा नवरा. मुलगा बरा वाटतो, पण त्याच्या घरच्यांना वेळेचं नियोजन नाही.
मी रागावलो नाही. तोडगा काढला. सकाळी दहाला ये, एक नवरी आटप, साडेअकराला मेट्रोने घाटकोपरला जा, अंगठी घाल, अडीचपर्यंत परत ये. साडी नेसलेली असली तरी चालेल. एवढं कोणता मालक करतो?
मनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला पण भरून आलं.
अप्पांनी माझं वाक्य न् वाक्य वहीत उतरवलं. एका शब्दाचं स्पेलिंग विचारलं: मेट्रो.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
श्रुतिका म्हणाली की सर, एक दिवस तुम्ही बसून बघा स्टुलावर. मी म्हटलं, आत्ता बसतो. काम किती सोपं आहे हे मुलींना कळायलाच हवं. अप्पा समोर, तिघी भोवती. स्वतःच्याच डाव्या हाताला नखं लावायला घेतली. ग्लू, मग टिप, मग दाबायचं. अंगठा उत्तम झाला. नंतर तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना चिकटलं. सोडवायला उजवा हात लावला, तोही चिकटला.
दीड ते अडीच, नमस्कार केल्यासारखा बसलो होतो. मधे आलेल्या गिऱ्हाइकाने मला उलट नमस्कार केला. मनालीने ॲसिटोनमध्ये बुडवून, कापूस लावून, हळूहळू सोडवलं. तिचं जेवण राहिलं, पण एका शब्दाने तक्रार केली नाही. याला म्हणतात फॅमिली.
कंबर दुखते आहे. स्टुलाचा संबंध नसावा. डोकं पण. अगरबत्तीचा ब्रँड बदलून बघतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
कंबर. विश्रांती. एक्झॉस्ट फॅन बघून आलो. महाग नाही. कमिटी येऊन गेली की बघू.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
मनालीने साखरपुड्याचं कार्ड दिलं. ‘श्री. कुंडलिक परब (अप्पा) आणि परिवार.’ अप्पा वयाने मोठे, म्हणून नाव त्यांचं. मुलीला रीतभात आहे. दिलं पण अप्पांच्याच हातात, वाकून नमस्कार करून. मी बाजूलाच उभा होतो, मग मी पण आशीर्वाद दिला.
रविवारी दुकान सोडून जाणं अवघड, पण वडिलांच्या जागी आहे म्हटल्यावर दोन शब्द बोलावे लागतील. भाषण लिहायला घेतलं. सुरुवात: ‘मनाली मला मुलीसारखी.’ पुढचं सुचत नाही. तिचं आडनाव काय ते उद्या सर्टिफिकेटवर बघतो.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
कमिटीची तयारी. स्टुलांवर सॅटिनची कव्हरं. मुलींना सांगितलं, शनिवारी कमिटीसमोर हसायचं. अक्षताने विचारलं, किती वाजता? हा उत्साह मला आवडतो.
अप्पा हल्ली घरी कामाबद्दल काही बोलत नाहीत. मी विषय काढला तर म्हणाले, ता मी दुकानात बोलतलंय, हय नाय. हय मी बापूस. प्रोफेशनल माणूस.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी.
पत्र मिळालं. अक्षर मनालीचं, भाषा कोणाची ते कळत नाही. ‘मा. मालक महोदय, खाली सह्या करणारे आम्ही कामगार सनदशीर मार्गाने आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की...’ मनालीला रविवारची पूर्ण सुट्टी. सर्वांना सोमवारी साप्ताहिक सुट्टी. दोन ते अडीच जेवण, शटर अर्धं खाली. एक्झॉस्ट फॅन, मास्क, पाठीच्या खुर्च्या. सर्टिफिकेट्स परत. खाली तीन सह्या आणि चौथी: ‘कुं. रा. परब, कामगार प्रतिनिधी.’
कुं. रा. परब!
माझा बाप!
दोनदा वाचलं. शुभाला फोन केला. ती म्हणाली, तुम्ही कोळशाच्या वखारीत पेटती काडी नेऊन ठेवली, आता धूर कसला विचारता? अप्पा गिरणीत गेट मीटिंगा घ्यायचे हे तुम्हाला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण ते तेव्हा. आणि दुसऱ्याच्या गिरणीत.

दुपारी.
विचार केला. घाबरायचं कारण नाही. पत्रावर ‘विचाराधीन’ लिहून परत केलं. ऑफिसात असंच करतात. अप्पांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मुलींकडे बघून नुसती मान हलवली. मुली कामाला लागल्या. प्रकरण मिटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
मिटलं नव्हतं.
दहाच्या ठोक्याला तिघी हजर. दिवे लावले, टॉवेल मांडले, ब्रश धुतले. पहिलं गिऱ्हाईक आलं, तर श्रुतिका गोड आवाजात म्हणाली, मॅडम, आज आमचं काम बंद आहे, बसा ना. मग मनालीला मधल्या स्टुलावर बसवलं, एक हात श्रुतिकाने घेतला, एक अक्षताने, आणि तिची नखं करायला घेतली. दोन वर्षं दुसऱ्यांची नखं घडवणाऱ्या या मुलीची स्वतःची कातरून बारीक केलेली, टोकं ॲसिटोनने पांढरी पडलेली. हे मी कधी पाहिलं नव्हतं. पाहायचा प्रश्न येत नव्हता, मी दाराशी बसतो.
मी ओरडणार होतो. अप्पा म्हणाले, मालक, आवाज खाली. मालक! लहानपणी शाळेत प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता तेव्हा ज्यांनी माझं नाव सांगितलं त्यांनी मला मालक म्हटलं.
गिऱ्हाईक गेलं नाही. बसलं. दुसरंही बसलं. मनालीचा उद्या साखरपुडा आहे कळल्यावर एकीने बाहेरून पेढे आणले. डिझाइनवर चर्चा. मला कोणी विचारलं नाही, तरी मी फिकट गुलाबी सुचवला. नको म्हणाल्या.
बाराला कमिटी आली. अध्यक्ष चंद्रप्रकाशजी, स्टेशनरीवाले, आणि मागे दोघं. मी म्हटलं, बघा, आमच्याकडे वातावरण किती मोकळं आहे. खरं तर चांगलं चाललं होतं. पण चंद्रप्रकाशजींनी अप्पांना सहज विचारलं, काका, काय चाललंय? अप्पा म्हणाले, संप. आणि मग त्यांनाच विचारलं, तुमच्या दुकानातली माणसां जेवतत कधी?
चंद्रप्रकाशजी म्हणाले, जेवतात की. अप्पांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, किती वाजता?
कमिटी दोन मिनिटांत गेली. पुढची तीन दुकानं पण बघितली नाहीत म्हणे. पुरस्कार यंदा कोणालाच नाही. म्हणजे माझ्या हातून गेला असं म्हणता येणार नाही.

दोन वाजता शुभा आली. पाच जणांचा डबा घेऊन. मी मोजले: तिघी, अप्पा, आणि ती स्वतः. म्हटलं, माझा? ती म्हणाली, तुम्ही घरी जाऊन जेवता ना रोज. शटर तिनेच अर्धं खाली केलं. मी बाहेरच्या बाजूला राहिलो.
आतून हसण्याचा आवाज येत होता. अप्पा इतके हसलेले आई गेल्यानंतर मी ऐकले नव्हते. त्यांना कशात तरी गुंतवायचं होतं, ते जमलं म्हणायचं.

पाच वाजता वाटाघाटी. मी स्टुलावर, अप्पा खुर्चीवर, शुभा साक्षीदार. मी ठाम राहिलो. सगळ्या मागण्या मान्य, पण एका अटीवर: करारात ‘मालकांनी स्वतःहून’ असं लिहायचं. मला वाटलं अप्पा अडून बसतील. त्यांनी लगेच लिहिलं. वाटाघाटीत मी कच्चा नाही.
सर्टिफिकेट्स काढून दिली. एकाची कड उंदराने खाल्लेली निघाली. माझ्या कपाटात.
मनालीचं आडनाव साळवे. विसरायच्या आत इथे लिहून ठेवतो.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी पाच.
अप्पा आणि शुभा सकाळी दहालाच घाटकोपरला गेले. अप्पांनी कोट घातला होता. मी दुकान उघडलं. श्रुतिका, अक्षताही तिकडेच. तिन्ही नववधूंना फोन केले; दोघी मंगळवारी येते म्हणाल्या, तिसरीने विचारलं, काका, तुम्हीच करणार का, आणि माझं उत्तर येण्याआधी फोन ठेवला. अकराला शटर ओढलं. भाषण खिशात होतंच.
हॉलवर पोचलो तेव्हा सगळं सुरू झालं होतं. बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या. मनालीने हात पुढे केला तेव्हा बायका नखं बघून वा वा करत होत्या. मरून आणि सोनेरी. फिकट गुलाबी शोभला नसता, हे मान्य करतो. पुढच्या रांगेत वडीलधारी मंडळी, त्यांच्या मध्ये अप्पा. मनालीचे वडील त्यांच्या खांद्यावर हात ठेवून कोणाकोणाशी ओळख करून देत होते. मला वाटलं, माझीही हाक येईल. दोन-तीनदा खिशातला कागद चाचपला. माइकवर शेवटी जेवून जायची विनंती झाली.
मग मीच स्टेजवर गेलो. मनाली छान दिसत होती. इतकी हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. कमिटीसाठी हस म्हटलं तेव्हा वेगळं हसायची. मिथुनने हात जोडून विचारलं, हे कोण? मी तोंड उघडलं. त्याआधी मनाली म्हणाली, हे आमच्या अप्पांचे चिरंजीव.
सर म्हणाली नाही. दुकानाचं नाव घेतलं नाही. वाईट काही बोलली नाही, अगदी प्रेमाने म्हणाली. तरी खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं. मिथुनने खात्री करायला अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग म्हणाले, होय, झील माझो.
एकदम माझी पत वाढली. मिथुन पाया पडला. चिपळूणच्या मंडळींनी खुर्ची दिली, पाठ टेकायची. श्रुतिकाने स्वतः ताट आणून दिलं आणि म्हणाली, सर, सावकाश जेवा, घाई नाही. जेवण उत्तम होतं.
शेजारी मिथुनचे मामा बसले होते. अप्पांचं खूप कौतुक करत होते, त्यांच्या भाचीलाही मालाडच्या एका सलूनमध्ये असाच त्रास आहे, अप्पा येतील का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, त्यांना वेळ असेल तर सांगतो. मग त्यांनी माझ्या ताटात जिलेबी वाढत विचारलं, आणि आपण काय करता?
मी म्हटलं, अप्पांना दुकानात नेतो आणि आणतो.